पौर्णिमेची चौथी नोंद

गेल्या भाद्रपदात पौर्णिमेच्या सकाळी पाच वाजता एक संदेश जायचा होता. तो गेला नाही. संदेश भरतीच्या वेळेचा होता, तो पाठवणारा प्रोग्राम मी लिहिला होता आणि संदेश न गेल्याचे मला आठ वाजून चाळीस मिनिटांनी कळले. त्या दिवशी पूर्ण भरती अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी होती.

संदेश एकाच फोनवर जात असे. तो फोन माझ्या आजोळच्या गावातील एका सुनेचा होता. गाव चौलच्या पूर्वेला, खाडीकाठी आहे. खाडी आणि भातखाचरे यांच्यामध्ये मातीचा बांध आहे आणि बांधात एके ठिकाणी दगडी तोंड आहे. त्याला उघाडी म्हणतात. तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाचा आहेत आणि त्यांत सहा फळ्या एकावर एक बसतात. ओहोटीला फळ्या काढल्या की खाचरांत साचलेले पावसाचे पाणी खाडीत उतरते. भरती चढण्यापूर्वी फळ्या परत बसवायच्या. नाही बसवल्या तर खाडी आत येते. उभे पीक जाते, आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात.

उघाडी कोणी सांभाळायची, हे गावात लेखी कुठे नाही. ज्याचे खाचर उघाडीला लागून, त्याच्या हाती फळ्या. कारण विचारले तर एवढेच सांगतात की पहिले त्याचेच बुडते.

गेली तीसेक वर्षे हे काम एका म्हाताऱ्यांकडे होते. मी त्यांना काका म्हणते. नात्याने ते माझे कोणी नाहीत. त्यांचे उघाडीलगतचे खाचर तीन तुकड्यांत आहे, आणि घरातील सहा माणसांचा वर्षाचा तांदूळ त्यातून येतो. गौरी-गणपतीच्या आधी त्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. महिनाभर वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. औषधाचे थेंब घालायला आणि तपासणीला सोयीचे म्हणून ते अलिबागला मुलीकडे राहायला गेले. मुलगा पाळीच्या नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. फळ्या सुनेच्या हाती आल्या.

ती पालीकडची, डोंगरातल्या गावाची. तिच्या माहेरी नदी आहे, भरती नाही. लग्नाला सहा वर्षे झाली आहेत. गावच्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे. मी तिला वहिनी म्हणते, ती मला ताई म्हणते.

काकांनी जाण्यापूर्वी तिला हिशेब शिकवला होता. त्या दिवशी मी तिथे होते.

“तिथीला तीननं गुनायचं, चारनं भागायचं. जे येल त्या टायमाला पानी भरलं. आष्टमी हाय, तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाला भरती. झालं.”

“आणि तिथी कुठनं आणायची मामा? मला वार ध्यानात राहत नाय.”

“भिंतीवर कॅलेंडर कशाला लावलंय?”

“दुधाचा हिशेब लिवायला.”

काका माझ्याकडे वळले. “ऐक बाय. हिच्या हातात देऊन चाललोय मी.”

वहिनीही माझ्याकडेच वळली. “ताई, तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असता. मला रोज सकाळी वेळ धाडा ना. किती वाजता फळ्या टाकायच्या, एवढंच.”

मी हो म्हटले.

मी बारा वर्षे मुंबईतील एका वर्तमानपत्रात संपादकीय मेजावर होते. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासणे हे काम. नाव, वय, गाव, वेळ, आकडा. ज्याची खातरजमा झाली नाही ते छापायचे नाही. नंतर प्रोग्रामिंग शिकले. आता चौलला घरी बसून एका कंपनीचे काम करते, आणि ते फारसे वेगळे नाही. प्रोग्राममध्ये माहिती ऑब्जेक्टच्या रूपात येते. ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला फॉर्म समजावा. फॉर्ममध्ये रकाने असतात आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर मी त्याचा नियम लिहून ठेवते. हा रिकामा नसावा. हा दहा अंकी असावा. ही तारीख उलटून गेलेली नसावी. कसे तपासायचे ते लिहावे लागत नाही, काय चालेल तेवढेच लिहायचे. तपासणी यंत्र करते. नियमात न बसणारा फॉर्म पुढे जात नाही.

नियम लिहिला की त्याची युनिट टेस्ट लिहायची. मुद्दाम चुकीचा फॉर्म द्यायचा आणि तो नाकारला जातो का, ते पाहायचे. बरोबर फॉर्म द्यायचा आणि तो पुढे जातो का, ते पाहायचे. सगळे अपेक्षेप्रमाणे झाले की पडद्यावर हिरव्या खुणा येतात.

भरतीचा फॉर्म लहान होता. तारीख, आणि त्या तारखेच्या भरती-ओहोटीच्या नोंदी. छापील कोष्टकावरून संपूर्ण वर्षाच्या वेळा मी स्वतः टंकित केल्या. नियम चार लिहिले. तारीख हवी. प्रत्येक नोंदीला वेळ हवी. भरतीनंतर ओहोटी आणि ओहोटीनंतर भरती यावी. एका दिवसाच्या नोंदी नेमक्या चार असाव्यात.

माझ्याबरोबर काम करणारा एकजण पनवेलला राहतो. आम्ही एकमेकांचे काम तपासतो. हे काम कंपनीचे नव्हते, तरी सवयीने मी त्याला पाठवले. त्याचा फोन आला.

“सब ठीक है. एकच सांग, चारच कशावरून?”

“दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या.”

“हमेशा?”

“अरे, समुद्रकाठी जन्मले आहे मी. शेंबड्या पोराला विचार इकडे.”

“ठीक आहे बाई. तुझा समुद्र, तुझी टेस्ट.”

मी टेस्ट लिहिल्या. त्यांतली एक अशी होती: तीन नोंदींचा दिवस दिला, तर तो नाकारला गेला पाहिजे. नाकारला गेला. हिरवी खूण आली. संपूर्ण वर्षाचे कोष्टक एकदम तपासून पाहिले नाही. प्रोग्राम रोज पहाटे त्या-त्या दिवसाचा फॉर्म उचलणार, तपासणार आणि संदेश पाठवणार होता.

गौरी गेल्यानंतर, दशमीला, पहिला संदेश गेला. भरती साडेसातच्या सुमारास, फळ्या त्याआधी साडेतीन तास. त्या दिवशी संदेश पोहोचायच्या आतच फळ्या टाकायला हव्या होत्या. अष्टमी-दशमीच्या सुमाराचे, म्हणजे भांगाचे, पाणी कमी चढते, म्हणून काही बिघडले नाही. वहिनीचे उत्तर आले: “ताई हे कालच सांगायचं.” दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या भरतीची वेळ आदल्या संध्याकाळी आणि दिवसाची पहाटे पाचला जाऊ लागली. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी. रोज तिचे उत्तर यायचे: “टाकल्या.” चतुर्दशीला विसर्जन झाले. त्या आठवड्यात पाऊस जोराचा होता, खाचरे तुडुंब होती, भात पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या बेतात होता. विसर्जनाच्या रात्रीची भरती ओसरल्यावर पहाटे तिने सगळ्या फळ्या काढल्या, साचलेले पाणी जाऊ दे म्हणून. ते योग्यच होते.

पौर्णिमेच्या सकाळी मी सातला उठले. फोन पाहिला. “टाकल्या” असे उत्तर आलेले नव्हते. त्या दिवशी फळ्या सव्वाआठपर्यंत टाकायच्या होत्या, त्यामुळे उत्तर इतक्यात येणारही नव्हते. चहा केला. कंपनीचे एक काम उघडले. साडेआठला पुन्हा फोन पाहिला. उत्तर नव्हते. ती फुले गोळा करत असेल, भांडी घासत असेल, रेंज नसेल, असे वाटले. मी पुन्हा कामाकडे वळले आणि एकच ओळ तीनदा वाचली. मग प्रोग्रामची नोंदवही उघडली.

तिथे एक ओळ होती. फॉर्म अवैध. नोंदी चार हव्यात, तीन मिळाल्या. संदेश पाठवला नाही.

छापील कोष्टक काढले. त्या तारखेसमोर तीनच वेळा होत्या. पहाटे ओहोटी, अकरा अठ्ठेचाळीसला भरती, संध्याकाळी ओहोटी. पहिला विचार आला तो छपाईच्या चुकीचा. वर्तमानपत्रात बारा वर्षे काढलेल्या माणसाला तोच आधी येतो. मग खालची तारीख पाहिली. तिची पहिली भरती रात्री बारा वाजून सहा मिनिटांनी होती.

दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर असते. दुपारी बाराला बारा मिनिटे कमी असताना आलेली भरती पुन्हा येईल तेव्हा घड्याळात दुसरी तारीख लागलेली असते. असे दर पंधरवड्याला एकदा होते. आणि या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास येते ती पुनवेला आणि अवसेला, म्हणजे उधाणाला. वर्षातले जे दिवस उघाडीला सर्वांत धोक्याचे, नेमके तेच दिवस माझ्या नियमाने अवैध ठरवले होते.

वहिनीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सात वेळा लावला. “फळ्या लगेच टाक” असा संदेश पाठवला. पोहोचल्याची खूण आली, वाचल्याची आली नाही. आठ वाजून एकावन्न मिनिटांनी मी स्कूटर काढली.

रस्त्यावर आदल्या दिवशीचा गुलाल ओला होऊन चिकटला होता. दोन ठिकाणी मांडवाचे बांबू काढण्याचे काम चालू होते आणि एक टेम्पो आडवा लागला होता. मी हॉर्न वाजवला. बांबू धरलेला माणूस म्हणाला, “मॅडम, देव गेला काल. आता कसली घाई?” टेम्पो हलायला चार मिनिटे लागली. बांधावरची वाट चिखलाची होती, स्कूटर खाली लावून मी पायी निघाले. पाण्याचा आवाज उघाडी दिसण्याआधी ऐकू आला. ओहोटीला तो खाडीच्या बाजूने येतो. त्या दिवशी खाचरांच्या बाजूने येत होता.

नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. सहापैकी तीन फळ्या बसल्या होत्या. त्यांच्यावरून खाडीचे गढूळ पाणी आत पडत होते. वहिनी मांडीपर्यंत पाण्यात उभी राहून चौथी फळी खाचेत दाबत होती आणि पाणी ती फळी तिरकी करत होते.

“ताई, मेसेज नाय आला तुमचा!”

“नाही गेला.”

“मला वाटलं, काल विसर्जन झालं, आज सगळ्यांना सुट्टी. म्हटलं समुद्राला पण असेल.” ती हसली नाही. “गोठ्यात होते. इकडं आले तर पाणी उलटं फिरलेलं.”

“काकांना फोन नाही केलास?”

“करणार होते. म्हटलं मेसेज येईलच की. रोज येतो.”

मी पाण्यात उतरले. दोघींनी मिळून फळी दाबली. एक बाजू खाचेत जायची, तोवर दुसरी निसटायची. चार प्रयत्न झाले. पाचव्याला फळी तिच्या हातून सुटली आणि खाचरात वाहत गेली. तिने तिच्यामागे दहा-बारा पावले धावून ती परत आणली. तिचा फोन घरी चार्जिंगला होता. माझा स्कूटरच्या डिकीत होता. मी तो आणला आणि अलिबागला लावला. काकांच्या मुलीने फोन त्यांना दिला.

“किती फळ्या बसल्यात?”

“तीन.”

“आज तिथ कोनती?”

“पौर्णिमा.”

“मंग बाराच्या आत भरती. येवढं कोनाला इचारायला लागतं गं बाय?”

मी फोन स्पीकरवर टाकला.

“ऐक. पान्याशी झगडू नका. त्याला जोर हाय, तुमाला न्हाय. बांधावर प्लास्टिकखाली पेंढ्याच्या जुड्या हायेत. त्या खाडीच्या अंगाला टाका, फळीच्या म्होरं. पानी आपसूक वढून नेतं आन् भोक बुजवतं. जरा जोर कमी झाला का मंग फळी घाला. वरून चिखल.”

वहिनीने प्लास्टिक ओढले. “अगं बाई. मी ह्या गुरांच्या समजत होते. दोन घातल्या पण त्यांना परवा.”

फोनमधून आवाज आला, “काय म्हनते?”

“काही नाही,” मी म्हणाले.

जुड्या नऊ उरल्या होत्या. पहिल्या दोन जुड्या फळ्यांवरून थेट आत वाहून गेल्या. तिसरी अडकली. तिच्यावर चौथी, पाचवी. पाण्याचा आवाज बदलला. चौथी फळी एका बाजूने बसली, मग वहिनी तिच्यावर उभी राहिली आणि ती दुसऱ्या बाजूने बसली. पाचवी लगेच गेली. सहावीला वेळ लागला, कारण ती फुगली होती आणि तिची कड कोयतीने थोडी तासावी लागली. उघाडी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी बंद झाली. खारे पाणी आत यायला सुरुवात नेमकी कधी झाली, ते कोणी पाहिलेले नाही. वहिनी आली तेव्हा पावणेनऊ झाले असावेत.

मग दोन तास करण्यासारखे काही नव्हते.

भरती पूर्ण व्हायची होती. बांध धरतो की नाही, ते पाहायचे होते. आम्ही उघाडीच्या दगडावर बसलो, उठलो, बांधावरून टोकापर्यंत गेलो, परत आलो. वहिनी दर थोड्या वेळाने फळ्यांच्या सांध्यात चिखल थापत होती. जिथे गळत नव्हते तिथेही थापत होती. मी घड्याळ पाहत होते. साडेदहा. दहा पस्तीस. दहा सदतीस. खाचरातील पाण्यात बोट बुडवून मी ते चाखले. सर्वांत खालच्या तुकड्यात खारट. मधल्या तुकड्याच्या बांधापाशी किंचित. वरच्या तुकड्यात गोडे. वहिनीने माझ्यामागोमाग तिन्ही ठिकाणी चाखले आणि थुंकून टाकले.

“खालचा गेला?”

“माहीत नाही.”

“तुम्ही पेपरवाले असंच बोलता.”

अकरा वाजता तिने विचारले, मेसेज का गेला नाही. मी सांगितले. फॉर्म, रकाना, चार नोंदींचा नियम, कोष्टकातील तीन वेळा, रात्री बारा वाजून सहा मिनिटे. तिने सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे तीन होत्या ते खरंच होतं.”

“हो.”

“आणि तुमच्या मशिनीनं ते खोटं ठरवलं.”

“मी ठरवलं. मशीनने फक्त पाळलं.”

“आणि मग गप्प बसली.”

“हो.”

“खोटं वाटलं तर ओरडायचं ना. गप्प काय बसायचं?”

खातरजमा झाली नाही तर छापायचे नाही, हा नियम मी बारा वर्षे पाळला होता. न छापलेल्या बातमीचा वाचक काय अर्थ लावतो, हे पाहण्याची वेळ तोवर कधी आली नव्हती. वहिनीने अर्थ लावला होता की आज सुट्टी आहे.

अकरा अठ्ठेचाळीसला पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होते. सव्वाबारापर्यंत तिथेच राहिले. साडेबाराला दगडावर ओली रेघ दिसू लागली. वहिनी उठली आणि म्हणाली, “अंगणवाडीची खिचडी राहिली.” ती गेली. मीही निघाले.

घरी येऊन दुपारभर मी प्रोग्राम पाहिला. पनवेलच्या सहकाऱ्याला फोन केला.

“मी विचारलं होतं ना, हमेशा का?”

“विचारलं होतंस.”

“मग टेस्ट पास कशी झाली?”

“तीन नोंदी नाकारल्या गेल्या पाहिजेत, अशीच टेस्ट होती.”

तो म्हणाला, “मतलब, चोरालाच चौकीदार ठेवलास.”

नियम आणि टेस्ट दोन्ही एकाच डोक्यातून आले होते. डोक्यात दिवसाला दोन भरत्या होत्या. नियम चुकला आणि टेस्टने ती चूक बरोबर असल्याची खूण केली. जन्म दुसरीकडे झालेल्या कोणी हे काम केले असते, तर त्याने आधी कोष्टक मोजले असते.

नियम बदलला. नोंदी तीन किंवा चार असाव्यात. त्या एकाआड एक असाव्यात. कोणत्याही दोन लागोपाठच्या नोंदींत पाच तासांपेक्षा कमी किंवा आठ तासांपेक्षा जास्त अंतर नसावे, आणि हे अंतर आदल्या दिवसाच्या शेवटच्या नोंदीपासूनही मोजले जावे. तीन नोंदींची टेस्ट उलटी केली. मग एक टेस्ट अशी लिहिली जी माझ्या डोक्यातली नव्हती. तिथी गुणिले तीन, भागिले चार. कोष्टकातील भरती आणि हे उत्तर यांत दीड तासापेक्षा जास्त फरक पडला, तर टेस्ट लाल. या वेळी संपूर्ण वर्षाचे कोष्टक एकदम तपासले. पाच दिवस लाल आले. चार ठिकाणी तिथीचा क्षय किंवा वृद्धी होती. पाचव्या ठिकाणी मी आठ पाचच्या जागी दहा पाच टंकित केले होते. अंतराच्या नियमात ते कसेबसे बसत होते. काकांच्या हिशेबात बसले नाही.

शेवटचा बदल वहिनीने सांगितलेला. फॉर्म नाकारला गेला तरी संदेश जाईल. त्यात लिहिलेले असेल: आजची वेळ तपासलेली नाही. फळ्या आताच टाका. काकांना फोन करा.

चौथ्या दिवशी गावची बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. बांधाची समिती आहे, तिचे अध्यक्ष सुरुवातीलाच म्हणाले, “बाईमाणसाच्या हातात उघाडी दिली, तवाच मी बोललो होतो.” वहिनी खांबापाशी उभी होती. मी एक कागद लिहून नेला होता, तो वाचला. त्यात तीन वाक्ये होती. संदेश पाचला जायला हवा होता. तो माझ्या नियमाच्या चुकीमुळे गेला नाही. उघाडी सांभाळणारीला त्याची कल्पना नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, “ते तुमचं मशिनीचं ऱ्हाऊ द्या. डोळे व्हते ना तिला?”

काका काळा चष्मा लावून भिंतीला टेकले होते. ते त्याच दिवशी तपासणी उरकून आले होते. “डोळ्याचं बोलू नका माज्याम्होरं,” ते म्हणाले. दोघे-तिघे हसले. “माज्या हातात उघाडी व्हती तवा दोनदा आलं पानी. एकदा तर मी झोपलो व्हतो. तवा कोन बोललं?”

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. उघाडी त्याच घराकडे राहिली. बैठक संपल्यावर काका मला म्हणाले, “दोन भरत्या असत्यात, बरोबर हाय तुजं. पन पुनवेची दुसरी रातच्याला येते, आन् आमी ती पुनवेचीच धरतो. सूर्य उगवला का आमचा दिवस. तुजा रातच्यालाच बदलतो, त्याला पानी काय करनार?”

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि तीन दिवस राहिला. वहिनी रोज दोन्ही ओहोट्यांना फळ्या काढून खालचा तुकडा धुऊन काढत होती. पाणी बाहेर सोडायचे, फळ्या टाकायच्या, पावसाचे साचू द्यायचे, पुन्हा सोडायचे. तिने अंगणवाडीत एक आठवडा रजा घेतली. मी दोनदा जाऊन पाणी चाखले. दुसऱ्यांदा खारटपणा कळला नाही. भात निसवला. वरच्या दोन तुकड्यांत लोंब्या वाकल्या. खालच्या तुकड्यातील उभ्या राहिल्या आणि त्यांचा रंग पांढरट होता.

भाद्रपदाच्या अमावास्येला तीन नोंदींचा संदेश गेला. आश्विन पौर्णिमेलाही गेला. दोन्ही दिवशी “टाकल्या” असे उत्तर आले. अमावास्येला आठ वाजून दोन मिनिटांनी आले. पौर्णिमेला सात वाजून एकोणचाळीस मिनिटांनी.

कापणी दिवाळीच्या आधी झाली. वरचा तुकडा, मग मधला. खालच्या तुकड्यापाशी आल्यावर वहिनीने एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. टरफले उडाली. तळहातावर दोन दाणे राहिले. तिने ते काकांना दाखवले. त्यांनी चष्मा काढून, हात डोळ्याजवळ धरून पाहिले.

“पळंज. नुसती फोलं,” ते म्हणाले. “कापू नको. गुरं सोड.”

त्या घरात एरवी अकरा पोती भात येतो. या वर्षी सात आला.